पाटावरची नावं

गाणाऱ्या मुलाच्या घरी एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो: "गाण्यावर घर चालतं का रे?" रोह्याच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी धाटावच्या एमआयडीसीतली पाळी असते. पेणच्या आईच्या मनात मुंबईकडची कायमची नोकरी असते. मुलाच्या हातातल्या मोबाइलवर मात्र हळदीच्या एखाद्या गाण्याखाली काही कोटी व्ह्यूज दिसत असतात आणि उत्तर तिथंच आहे असं त्याला वाटतं.

माझं उत्तर असं: चालतं. पण ते ज्या वाटेनं चालतं असं मुलाला वाटतं, त्या वाटेनं बहुधा चालत नाही. ही वाट समजून घ्यायची तर आधी गणपतीच्या कारखान्यात जायला हवं.

१. कारखान्यातले पाट

पावसाळ्यात पेणमधल्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात शिरा. आत शाडूचा ओला वास असतो, फळ्यांवर ओळीनं मूर्ती सुकत असतात आणि एखाद्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून पाट रचलेले असतात. हे पाट कारखान्याचे नसतात, घरोघरचे असतात. पाठीवर खडूनं किंवा रंगानं नाव, गाव आणि मूर्तीची उंची लिहिलेली. गिऱ्हाईक आपला पाट आणून देतं आणि चतुर्थीच्या आधी त्यावर मूर्ती बसवून घरी नेतं. पाट दिला की शब्द दिला. पेणच्या मूर्ती परदेशीही जातात, पण छोट्या कारखान्याचं वर्ष उभं राहतं ते या पाटांवर. तेच घर, तोच पाट, पुढच्या वर्षी पुन्हा.

गाणाऱ्याच्या श्रोत्यांतही असेच थर असतात. एक जण गाणं ऐकतो आणि पुढं सरकतो. दुसरा गाणं ओळखतो, पण गाणाऱ्याचं नाव सांगू शकत नाही. तिसरा आपल्या घरचं कार्य ठरलं की आधी तुम्हालाच फोन लावतो. हा तिसरा म्हणजे पाट आणून देणारा. व्ह्यूजच्या आकड्यात तिघंही सारखेच मोजले जातात आणि सगळा घोटाळा तिथं होतो.

केविन केली या अमेरिकन लेखकानं २००८ साली एक हिशेब मांडला होता. कलाकाराला लाखो चाहते लागत नाहीत, जे काही कराल ते विकत घेणारे हजार सच्चे चाहते पुरतात, असा. आपल्याकडचा हिशेब याहून सोपा आहे. समजा, एका मोसमात तुम्हाला हळदीच्या २५ सुपाऱ्या हव्यात. एका घरात साधारण दहा वर्षांतून एकदा लग्न निघतं असं धरू. मग ज्यांच्या तोंडी पहिलं नाव तुमचं येतं अशी घरं लागतील २५ गुणिले १०, म्हणजे अडीचशे. अडीचशे पाट.

ही अडीचशे घरं जगभर विखुरलेली असून उपयोग नाही. ती टेम्पो रात्रीत जाऊन येईल एवढ्या अंतरात हवीत. दिवा-रोहा गाडी डोळ्यांसमोर आणा: पनवेल, आपटा, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, रोहा. या रुळाच्या दोन्ही अंगांना आगरी-कोळी वस्ती आहे, बोली एक आहे, सोयरीक एकमेकांत आहे. याच रुळावरच्या जिते गावच्या हळदीला नागोठण्याचे पाहुणे असतातच. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरी पुढच्या वैशाखात लग्न असतं, आणि तुमचा आवाज त्यांनी जेवणाच्या पंगतीपासून पहाटेपर्यंत ऐकलेला असतो. यापेक्षा चांगली जाहिरात कुठला मोबाइल करणार?

२. हळदीची रात्र, वहीत मांडलेली

आता पैसे. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. गावागणिक ते बदलतात. मांडणी मात्र हीच ठेवा.

समजा, सुपारी ४०,००० रुपयांची ठरली. साउंड सिस्टिमचे १०,०००. टेम्पोचे ३,०००. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि ताशा असे पाच वादक, प्रत्येकी ३,०००, म्हणजे १५,०००. सोबत गाणारीचे ४,०००. झाले ३२,०००. उरले ८,०००. यातले सगळे खिशात घालायचे नाहीत. २,००० बाजूला काढायचे, त्यासाठी पत्र्याचा वेगळा डबा ठेवला तरी चालेल. तुमच्या हाती ६,०००.

पंचवीस रात्रींचे दीड लाख. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साडेबारा हजार. आणि डब्यात ५०,०००. हा डबा विसरू नका, पुढं तोच कामाला येणार आहे.

साडेबारा हजारांत घर चालत नाही, हे खरं आहे. पण वडिलांना दाखवायला आता काहीतरी आहे. प्रश्न "चालतं का?" हा राहत नाही, "उरलेलं कुठून आणायचं?" हा होतो. माझ्या मते हा फार मोठा फरक आहे. पहिल्या प्रश्नावर फक्त भांडण होतं, दुसऱ्यावर वही काढून बसता येतं.

याच वहीत एक सवय घालून घ्या. सुपारी घेताना विसार घ्यायचा, तारीख, वेळ आणि किती तास वाजवायचं ते लिहायचं आणि व्हॉट्सअॅपवर समोरच्याला पाठवायचं. नातं कितीही जवळचं असलं तरी. पहाटे तीन वाजता मंडपात "अजून एक तास" म्हणणाऱ्या काकांशी वाद घालण्यापेक्षा संध्याकाळचा एक मेसेज दाखवणं सोपं पडतं. आणि कार्य पार पडलं की त्या घराचं नाव, गाव, फोन वहीत. मोबाइलमधलं खातं एखाद्या दिवशी बंद पडू शकतं, वही पडत नाही. तुमचे पाट तिथं आहेत.

३. मोबाइलचा हंडा

मग मोबाइलवर गाणं टाकायचंच नाही का? टाकायचं. पण तिथून काय येतं आणि काय येत नाही, ते आधी नीट कळायला हवं.

गाणी ऐकवणाऱ्या अॅपचा व्यवहार गावकीच्या हंड्यासारखा असतो. महिन्याभरात वर्गणी आणि जाहिराती यांतून जमलेले पैसे एका हंड्यात पडतात. साधारण एक तृतीयांश कंपनी ठेवते, बाकीचे गाण्यांच्या मालकांना वाटते. वाटणी ऐकण्याच्या प्रमाणात होते. समजा, वाटायला १० कोटी रुपये आहेत आणि महिनाभरात सगळी गाणी मिळून १०० कोटी वेळा ऐकली गेली. मग एका ऐकण्याला १० पैसे. तुमचं गाणं ५०,००० वेळा वाजलं तर ५,००० रुपये. गाणं अॅपपर्यंत पोचवणारा वितरक त्यातून आपला वाटा काढणार. म्हणजे पन्नास हजार वेळा ऐकलेलं गाणं एका हळदीच्या रात्रीएवढंही देत नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा वाटा मिळतच नाही.

यूट्यूबचा नियम वेगळा. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. चार मिनिटांचं गाणं पूर्ण पाहिलं गेलं असं धरलं तर हे साठ हजार वेळा होतं. आवाक्याबाहेरचं नाही. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. चॅनेलवाल्याला, हा शब्द लक्षात ठेवा. गाणाऱ्याला नव्हे. गाणं दुसऱ्याच्या चॅनेलवर असेल तर व्ह्यूज तुमच्या आवाजाचे आणि पैसे त्याचे.

एक तांत्रिक शब्द इथं लागतो: आयएसआरसी. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळतो. गाडीच्या नंबरप्लेटसारखा. एमएच ०६ दिसलं की गाडी रायगडची हे जसं कळतं, तसं गाणं कुठल्याही अॅपवर वाजलं तरी ते कुणाच्या नावावर नोंदलंय हे या क्रमांकावरून कळतं. वितरकाकडं गाणं देताना तो मिळतो. कुठल्या नावानं नोंदला, तेवढं स्वतः डोळ्यांनी पाहा.

मोबाइलचं खरं काम ओळख करून देण्याचं आहे, आणि ते काही आजचं नाही. 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं गेलं, छप्पन्न गाणी. रेडिओवर ते कुणालाही ऐकायला मिळत होतं. सुधीर फडके पुढं कित्येक वर्षं त्याचे कार्यक्रम करत राहिले आणि रेडिओवर ऐकलेले लोक तिकीट काढून समोर येऊन बसले. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही'ची गाणी घराघरांत पोचली, पण २००३ पासून तो कार्यक्रम उभा राहिला रंगमंचावर. कॅसेटच्या काळात वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं कुलाब्यापासून पालघरपर्यंत प्रत्येक वरातीत वाजली. गाणं आधी कानावर जातं, माणूस मागून येतो. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये एका परदेशी लेबलकडून निघालं आणि मराठी न येणारेही त्यावर नाचले. असं कुणाचं तरी होतं आणि आनंद वाटतो. पण त्याच्या भरवशावर घर चालवू नये.

४. कच्ची मूर्ती

हे प्रकरण लिहायला घेतलं ते खरं तर या भागासाठी.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत कच्च्या मूर्ती मोठ्या प्रमाणात होतात. रंग नाही, डोळे नाहीत. व्यापारी टेम्पो भरून त्या नेतात, दुसऱ्या गावी रंगवतात, आणि किंमत तिथं वाढते. तो रीतसर धंदा आहे, शेकडो घरं त्यावर जगतात. पण मूर्तीचं आयुष्य एका उत्सवाचं. गाणं विसर्जनाला बुडत नाही. लिहिणाऱ्याच्या आणि चाल लावणाऱ्याच्या हयातीत आणि त्यांच्यामागं आणखी साठ वर्षं त्यावर हक्क राहतो. मग ते कच्च्या मूर्तीसारखं एकरकमी देऊन का टाकायचं?

आधी मालकी समजून घेऊ. एका गाण्यात शब्द असतात, चाल असते आणि ध्वनिमुद्रण असतं. शब्द आणि चाल म्हणजे जमीन. ध्वनिमुद्रण म्हणजे तिच्यावर बांधलेलं घर. त्याच जमिनीवर दुसरं घर उभं राहू शकतं. तेच गाणं उद्या दुसऱ्या आवाजात मुद्रित होऊ शकतं. घराचा मालक कायद्यानं तो, ज्यानं ते बांधायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. आता तो डबा आठवा. पन्नास हजारांतून स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे आणि मिक्सिंग तुम्ही स्वतः भागवलंत, तर घर तुमचं, आणि शब्द-चाल तुमची असेल तर जमीनही तुमचीच. दुसऱ्यानं स्टुडिओचे पंधरा हजार भरले तर घर त्याचं. पंधरा हजारांसाठी साठ वर्षं.

शेतीत हा प्रश्न रायगडानं आधी भोगलेला आहे. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी कुळांनी खोतांच्या जमिनी कसणं थांबवलं. पीक आम्ही काढायचं आणि वाटा खोतानं ठरवायचा, हे चालणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तो संप सहा वर्षं चालला. माणसं जंगलातली लाकडं विकून जगली, पण शेतात उतरली नाहीत. पुढं कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, कृषक दिनी, कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली.

देशाचा कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. पण गाण्याच्या कुळांना तेव्हा न्याय मिळाला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या, बांधलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. गीतकार आणि संगीतकार एकरकमी पैसे घेऊन बाजूला होत राहिले. ते बदललं २०१२ च्या दुरुस्तीनं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत उभे राहिले होते. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कराराच्या कागदावरही सोडून देता येत नाही. वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. गाणाऱ्यालाही सादरकर्ता म्हणून रॉयल्टीचा हक्क आहे. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेचं सभासद व्हायचं, गाणारे-वाजवणारे असाल तर इसाम्राचं (आधीची इस्रा). आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदवायचं. न नोंदवलेल्या गाण्याचे पैसे शोधत कुणी तुमच्या गावी येत नाही.

करार हातात आला तर तीन गोष्टी बघा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. तोंडी शब्दानं हक्क जात नाहीत. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतो. म्हणून तर छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभरासाठी' हे शब्द न चुकता असतात. ते खोडून 'पाच वर्षं' लिहा म्हणायला घाबरू नका. समोरचा नाही म्हणाला तरी विचारल्याचा तोटा काही होत नाही.

एक गैरसमजही इथंच काढतो. "माझं गाणं प्रत्येक हळदीत डीजे वाजवतात, मग मला पैसे का नाहीत?" असं गाणारे विचारतात. लग्न, वरात आणि लग्नाच्या निमित्तानं होणारे सोहळे कायद्यानं या हक्कातून वगळले आहेत. तिथं वाजलेल्या गाण्याचे पैसे मागता येत नाहीत. हॉटेलात, दुकानात, रेडिओवर वाजलं तर येतात. हळदीतलं वाजणं म्हणजे फक्त ओळख. म्हणून गाण्यात स्वतःचं नाव घेतात ना, "अमुक गावचा अमका" असं, ते मला अगदी रास्त वाटतं. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजाननं पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा तिनंही शेवटी आपलं नाव उच्चारलं होतं.

५. आंबा आणि मेथी

मेथी पेरली की महिन्याभरात जुडी हाती येते आणि वाफा रिकामा होतो. आंब्याला वर्षं लागतात, पण मग तो दर मोसमाला येतो. गाण्यांचंही तसंच असतं. निवडणुकीचं गाणं, टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेचं गाणं, एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाचं गाणं ही मेथी. पैसे रोख येतात, गाणं संपतं. ती कामं जरूर घ्यावीत. एकवीरा आईचं गाणं, गौरी-गणपतीचं गाणं, हळदीचं गाणं हा आंबा. चैत्रात कार्ल्याला पालख्या निघाल्या की लोक ते पुन्हा शोधतात. डब्यातले पैसे आंब्यावरच खर्चावेत असं मला ठामपणे वाटतं. वर्षाला दोन गाणी पुरेत, पण स्वतःच्या मालकीची.

चातुर्मासात लग्नं नसतात. तुळशीच्या लग्नापर्यंत टेम्पो उभा. या चार महिन्यांत वर्षभर चालणारी शिकवणी कामी येते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यातून पुढं परीक्षांची साखळी गावोगाव पोचली, आणि आज तालुक्याच्या गावीही पालक मुलांना हार्मोनियमच्या, तबल्याच्या परीक्षांना बसवतात. पंधरा मुलं, महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे साडेसात हजार. मघाचे साडेबारा आणि हे मिळून वीस. शिवाय या पंधरा घरांचे पाट आपसूक येतात.

६. धवलारणीचं नाव

एक हळद मला विसरता येत नाही. पेणच्या खाडीकडचं गाव, शेणानं सारवलेलं अंगण, कडेला साउंडचे काळे खोके. रात्री बेंजो थांबला, पोरं घाम पुसत पाण्याकडं गेली आणि मंडपाच्या आतल्या बाजूला एक म्हातारी पाटावर बसली. ती धवलारीण. माइक तिच्यापुढं कुणी आणला नाही. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊ लागली, मागच्या बायका ओढून घेऊ लागल्या, आणि बाहेर उभा असलेला ऑक्टोपॅडवाला पोरगा हातातला ग्लास तसाच धरून ऐकत राहिला. आगरी लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालत आले आहेत. महदंबेनं तेराव्या शतकात रचले तेही धवळेच, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. म्हणजे मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री आणि ही म्हातारी एकाच कामातल्या.

तिचा मोबदला म्हणजे तांदूळ, नारळ, लुगडं आणि थोडे पैसे. तिच्या चालींवर आज कितीतरी गाणी बेतली जातात. परंपरेनं आलेल्या धवल्यावर कुणाचा कॉपीराइट नाही; तो कुणीही घ्यावा. पण तिनं गायलेलं तुम्ही मुद्रित केलंत तर त्या गाण्यावर सादरकर्ती म्हणून तिचा हक्क असतो, पन्नास वर्षं. खोताशी भांडून मोठे झालेल्यांच्या नातवंडांनी तिचे खोत होऊ नये.

काम अवघड नाही. तिच्या अंगणात जा, दुपारी, पंखे बंद करून. भिंतींना गोधड्या टांगा म्हणजे आवाज घुमत नाही. तिला वादकाइतकेच पैसे त्याच दिवशी द्या. साध्या मराठीत एका पानावर लिहा: हे गाणं कुठं वापरणार, पैसे आले तर तिचा हिस्सा किती. तिला आणि तिच्या सुनेला वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. आणि गाणं चढवताना व्हिडिओखालच्या नावांत पहिलं नाव तिचं घाला, गावासकट. जसं पाटाच्या पाठीवर लिहितात तसं.